पाकिटावर १६, अंगावर १२: जुना पॅटर्न अंगाला का बसत नाही?

जुन्या काळातल्या युरोप-अमेरिकेवरच्या मालिका पाहिल्या की अनेकींना तसा फ्रॉक स्वतः शिवावासा वाटतो. मग शोधाशोध होते आणि १९४५ च्या आसपासचा एखादा अमेरिकन शिवणपॅटर्न हाती लागतो. पाकिटावरचं चित्र देखणं असतं. कोपऱ्यात आकडा असतो १६. आपण तयार कपडे घेतो ते १२ नंबरचे, तेव्हा हा ढगळ होणार असं वाटून पॅटर्न चारी बाजूंनी आत घेतला जातो, कापड बेतलं जातं, आणि शिवून झालेला फ्रॉक छातीवर चढतच नाही.

मी असं साडेतीन वार चांगलं कापड घालवलं आहे, आणि बरेच दिवस दोष माझ्या हाताचा आहे असंच समजत होते. नंतर कळलं की हाताचा दोष नव्हता. आकडा वेगळ्या काळाचा होता, तो ज्या अंगासाठी होता ते वेगळं होतं, आणि त्या अंगाला आत काय घातलेलं असेल हेही त्या कागदानं गृहीत धरलं होतं. जुना पॅटर्न फार थोडं बोलतो. तो काय बोलत नाही, हे या लेखात उलगडायचं आहे.

पॅटर्न म्हणजे नेमकं काय?

एखादा कपडा पूर्ण उसवून त्याचे तुकडे सपाट पसरले तर जे आकार दिसतील, ते कागदावर काढले की झाला पॅटर्न. शिवणवर्गात त्यालाच पेपर कटिंग म्हणतात. कापड सपाट असतं आणि शरीर गोल, हा सगळा घोळ त्यातूनच येतो. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबायला गेलं तर ती कडांना फाटते. शिवणारी बाई याच्या उलट करते. ती सपाट कापडात ठरलेल्या जागी चिमटे घेते, म्हणजे टक्स घालते, आणि त्याला गोलाई देते. टक्स कुठे संपतो त्यावरून छातीचा उंचवटा कुठे आहे हे ठरतं. म्हणून पॅटर्न हा एका विशिष्ट शरीराचा नकाशा असतो.

असे नकाशे घरोघर पोहोचले १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी बायकांच्या मासिकांत छोट्या आकृत्या छापत आणि त्या वाढवून घ्यायचं काम वाचणारीवर सोडत. काही युरोपीय मासिकं मोठी पुरवणी देत. तिच्यात एकाच कागदावर दहा-बारा कपड्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या असत. त्यातून आपली बाही शोधायची म्हणजे गुंतलेल्या लोकरीचं टोक शोधण्यासारखं. १८४६ साली एलायस हाऊ यांना शिलाई मशिनचं पेटंट मिळालं, १८५१ साली सिंगरचं मशिन आलं, आणि घरी शिवण्याचा वेग वाढला. १८६० साली न्यूयॉर्कच्या एलेन डेमोरेस्ट यांनी आपल्या नियतकालिकासोबत कागदी पॅटर्न द्यायला सुरुवात केली. पण ते एकाच मापाचे होते.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली एकच पॅटर्न वेगवेगळ्या मापांत विकायला काढला. सुरुवात झाली ती पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांनी, बायकांचे कपडे काही वर्षांनी आले. एक मूळ आकार पायरीपायरीनं लहान-मोठा करायचा, ही ती युक्ती. आज साधी वाटते, पण 'नंबर' या गोष्टीचा आणि आपल्या गोंधळाचा जन्म तिच्याच पोटी आहे.

मग तो १६ आकडा आला कुठून?

वयातून! २० व्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या बायकांचे पॅटर्न छातीच्या मापावर विकले जात आणि मुलींचे वयावर. पाकिटावर सरळ '१६ वर्षं' असं छापलेलं असे. सोळा वर्षांच्या मुलीची छाती ३४ इंच धरली जाई. पुढे 'वर्षं' हा शब्द गळाला आणि नुसता १६ उरला. १९४० च्या दशकातली चाळिशीची बाईसुद्धा १६ नंबर मागायची. तिच्या वयाशी त्याचा काही संबंध राहिला नव्हता.

हा आकडा नंतर दोनदा सरकला. ३४ इंच छातीला १९४० च्या दशकात १६ नंबर होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच छातीला १४ म्हणू लागले आणि १९६८ च्या सुमारास कंपन्यांनी मापं पुन्हा बदलल्यावर १२. शरीर तेच, इंच तेवढेच, वीस-पंचवीस वर्षांत आकडा चार घरं खाली आला. तयार कपड्यांचे नंबर तर त्याहून खाली घसरले, कारण लहान आकडा पाहून गिऱ्हाईक खूश होतं हे दुकानदारांना कळलं. पॅटर्नच्या कंपन्या मात्र बऱ्याच अंशी १९६८ च्या कोष्टकापाशी थांबल्या. त्यामुळे आजच्या नव्या पॅटर्नचा नंबरही दुकानातल्या फ्रॉकशी जुळत नाही.

हे सगळं शास्त्रशुद्ध करायचा एक मोठा प्रयत्न झाला होता. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळपास १५,००० बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. पण निष्कर्षांत फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. बाकीच्यांची शरीरं कोष्टकातून वगळली गेली, ही गोष्ट मला फार खटकते, कारण 'प्रमाणित' म्हणून जे पुढे आलं त्याच्या तळाशी ती आहे. या कामावर बेतलेलं मापांचं सरकारी प्रमाण १९५८ साली आलं, पुढे त्यात बदल झाले आणि १९८३ साली ते मागेच घेतलं गेलं.

तेव्हा जुन्या पाकिटावरचा नंबर विसरा आणि छाती, कंबर, सीट (म्हणजे नितंब) यांचे इंच वाचा.

इंच जुळले तरी फ्रॉक विचित्र का दिसतो?

कारण ते इंच उघड्या अंगाचे नव्हते. तंबोऱ्याची गवसणी तबल्यावर चढवली तर ती कितीही सुबक शिवलेली असो, लोंबणारच. बाहेरचा पोशाख ही गवसणी होती आणि वाद्य आत होतं: कॉर्सेट (छाती-कंबर आवळून धरणारी, दोरीनं बांधायची ताठ बंडी), परकर, पोलादी कड्या, गाद्या.

१८५६ साली पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याची, क्रिनोलिनची, पेटंटं घेतली गेली आणि एकावर एक घातलेल्या जड परकरांचं काम एका हलक्या सांगाड्यानं होऊ लागलं. १८७० च्या दशकात घेर पुढून सपाट होऊन मागे गेला आणि कमरेखाली मागच्या बाजूला 'बसल' नावाची उशी किंवा सांगाडा आला. दशकाच्या शेवटी तो जवळपास नाहीसा झाला आणि १८८० च्या दशकात फळीसारखा आडवा होऊन परत आला. म्हणजे १८७४, १८७९ आणि १८८६ या तीन सालांचे घागरे, सगळे 'व्हिक्टोरियन' असले, तरी तीन वेगळ्या सांगाड्यांवर बेतलेले आहेत. १८८६ चा घागरा नुसत्या परकरावर घातला तर मागचं जादा कापड पायांत येतं. १९०३ च्या सुमाराची चोळी आजच्या ब्रेसियरवर घातली तर पुढून पोकळ लोंबते, कारण तेव्हाचा कॉर्सेट छाती पुढे आणि नितंब मागे ढकलायचा आणि चोळीचा पुढचा फुगवटा त्या वळणासाठी होता. १९२० च्या दशकात छाती सपाट दाबायची होती. १९५० च्या दशकात ती उंच आणि टोकदार हवी होती, म्हणून त्या पॅटर्नमधले छातीचे टक्स आज आपल्याला फार वर वाटतात.

माझं ठाम मत असं की प्रतिकृती शिवायची तर सुरुवात आतून करावी. आधी आतले कपडे, मग ते घालून मापं, मग पॅटर्न. उलट्या क्रमानं गेलं की काम दुप्पट होतं.

'पण कॉर्सेट म्हणजे छळच ना?'

हा आक्षेप हमखास येतो. फार आवळून बांधण्याचे प्रकार होते आणि त्यावर तेव्हाही टीका होत होती. पण कॉर्सेट फक्त मेजवानीला जाणाऱ्या बायका घालत नव्हत्या. मोलकरणी, गिरणीतल्या कामगार आणि शेतावर राबणाऱ्या बायकाही तो घालून दिवसभर काम करत. त्या सगळ्या कायम घुसमटलेल्या असत्या तर कामं झाली नसती. अंगाला बेतलेला कॉर्सेट छातीला आधार देई आणि जड घागऱ्यांचा भार कमरेभर वाटून टाकी.

बारीक कंबर दिसायची ती बरीचशी नजरेच्या खेळानं. १८३० आणि १८९० च्या दशकांतल्या फुगलेल्या बाह्या आठवा. खांदे रुंद केले, खाली घेर दिला, गरज पडली तर छातीला आणि नितंबांना गादी लावली, की मधली कंबर आपोआप बारीक दिसते. शिवाय कॉर्सेट बहुधा मागे फट ठेवून बांधत. त्यामुळे संग्रहालयातला कॉर्सेट बंद करून मोजला आणि २२ इंच भरला, म्हणजे घालणारीची कंबर २२ होती असं होत नाही.

'तेव्हाच्या बायका बारीकच असतील, म्हणून जुने कपडे एवढे लहान!'

काही प्रमाणात माणसं लहानखुरी होतीही. पण आपल्यापर्यंत काय पोहोचलं याचाही विचार करायला हवा. कापड महाग होतं. मोठ्या मापाचा झगा उसवून त्यातून दुसरा बेतता येई, मुलीचा फ्रॉक निघे, अगदीच झालं तर उशीचा अभ्रा. लहान मापाच्या कपड्यातून काही निघत नसे, म्हणून तो पेटीत पडून राही. जपून ठेवले जात ते लग्नाचे आणि समारंभाचे पोशाख, तेही बहुतेक तरुण वयातले. रोज घातलेले, घामानं विरलेले, तीनदा उसवलेले कपडे चिंध्या होऊन गेले. पॅटर्नचं तसंच आहे. जे वापरले गेले ते फाटले, न वापरलेले टिकले. पेटीत उरलेल्या कपड्यांवरून सगळ्या बायकांचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे.

कागद एवढा गप्प का?

१९४० पूर्वीचा पॅटर्न उघडलात तर कदाचित एकही छापील रेघ दिसणार नाही. पातळ कागदाचे तुकडे आणि त्यांना पाडलेली छिद्रं, एवढंच. मॅकॉल कंपनीनं १९२० च्या आसपास छापील पॅटर्न आणले, पण इतर काही कंपन्या १९४० च्या दशकातही छिद्रांवरच भागवत होत्या. मोठी छिद्रं कापडाचा उभा धागा दाखवतात, लहान छिद्रं टक्स दाखवतात, आणि ओळीनं तीन छिद्रं असली तर अनेक कंपन्यांत त्याचा अर्थ 'ही कड कापडाच्या घडीवर ठेवा' असा असे. तरी प्रत्येक कंपनीची बोली थोडी निराळी, म्हणून सोबतचा सूचनांचा कागद हरवलेला पॅटर्न घेताना मी दोनदा विचार करते.

शिलाईसाठी सोडायची माया हा त्याहून मोठा खड्डा. कुठे ती मुळीच धरलेली नसते, कुठे ३/८ इंच, कुठे अर्धा इंच. पुढे ५/८ इंच रूढ झाली. आठ शिलाया असलेल्या चोळीत, प्रत्येक शिलाईच्या दोन कडा धरून, प्रत्येक कडेला पाव इंच चुकला तर एकूण चार इंचांचा फरक पडतो.

सूचना तर एकेका ओळीच्या. 'बाही जोडा.' झालं! जुन्या पाककृतीत 'चवीपुरतं मीठ' लिहितात तसंच हे आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की वाचणारीचा हात बसलेला आहे. आपल्या हाती कागद आला, पण त्याच्याबरोबर चालत आलेला हात आला नाही. तो शिकूनच घ्यावा लागतो.

मुलींचे फ्रॉक: वाढत्या अंगाची बेगमी

मला या सगळ्यात सर्वांत जीव लागतो तो मुलींच्या कपड्यांवर. १९ व्या शतकात फ्रॉकच्या लांबीवरून मुलीचं वय ओळखता येई. लहान मुलीचा फ्रॉक गुडघ्यापाशी, मग वर्षागणिक थोडा खाली, आणि सोळा-सतराच्या सुमारास घोट्यापर्यंत. केस वर बांधले आणि घागरा जमिनीला टेकला की मुलगी बाई झाली. लहान मुलगेही चार ते सात वर्षांपर्यंत कधीतरी विजार मिळेतो फ्रॉकच घालत, त्यामुळे जुन्या फोटोतलं फ्रॉकमधलं मूल मुलगीच असेल असं नाही.

वाढत्या अंगासाठी घागऱ्यात आडव्या चुण्या शिवून ठेवत. दिसायला नक्षी, पण खरं काम लांबीचा साठा. मुलगी उंच झाली की एक चूण उसवायची. अस्सल जुन्या फ्रॉकवर कधी कधी उसवलेल्या चुणीची रेघ दिसते, आजूबाजूचं कापड विटलेलं आणि तेवढीच पट्टी ताज्या रंगाची. एका मुलीचं एक वर्ष तिथं जपलेलं असतं. प्रतिकृती शिवताना या चुण्या 'उगाच कटकट' म्हणून गाळू नका. त्या गाळल्या की फ्रॉकचा अर्थच जातो.

मुलींनाही आतून आधाराचे कपडे घालत. ब्रिटनमध्ये १९०८ साली मार्केट हारबरोच्या सिमिंग्टन कंपनीनं 'लिबर्टी बॉडिस' आणली, ताठपणासाठीच्या पट्ट्या, म्हणजे 'हाडं', नसलेली मऊ बंडी, कॉर्सेटच्या जागी. अमेरिकेत १९३० च्या मंदीच्या काळात पीठ आणि पशुखाद्य ज्या सुती पोत्यांतून यायचं त्यांवर फुलांची छपाई होऊ लागली, कारण आया त्या पोत्यांचे फ्रॉक शिवतात हे कंपन्यांना कळलं होतं.

जुन्या धाटणीचे फ्रॉक शिवण्याची हौसही नवी नाही. १८७९ पासून केट ग्रीनअवे यांची बालचित्रं ब्रिटनमध्ये गाजली. त्यांतली मुलं १८०० च्या आसपासच्या उंच कमरेच्या कपड्यांत होती. मग आया आपल्या मुलींना तसेच कपडे शिवू लागल्या आणि लंडनच्या लिबर्टी दुकानानंही त्या धाटणीचे मुलांचे कपडे विकले. आज ते फ्रॉक पाहताना जाणकार ते १८८० च्या दशकातले म्हणून ओळखतात, १८०० चे म्हणून नव्हे. प्रतिकृतीत शिवणारीचा काळ उतरतोच.

कापड बदललं तर काय बिघडतं?

पॅटर्नचे आकार कापडाच्या पन्ह्यावरही, म्हणजे रुंदीवरही, ठरलेले असतात. १८ व्या शतकातलं रेशीम साधारण २० इंच पन्ह्याचं, म्हणून त्या घागऱ्यांत इतके उभे जोड. आज ५८ इंची कापडातून ते जोड टाळता येतात, पण मग चुण्या निराळ्या पडतात.

आणि दुसऱ्या महायुद्धामुळे घेर हा काही काळ कायद्याचा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, आणि एका लोकरी फ्रॉकला त्यातली ११ लागत. अमेरिकेत १९४२ च्या एल-८५ या नियमानं फ्रॉकची लांबी आणि घेर यांवर मर्यादा आणली. १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांनी वारेच्या वारे कापडाचे घेरदार घागरे दाखवले तेव्हा खळबळ उडाली ती यामुळे. ब्रिटनमधलं कपड्यांचं रेशनिंग तर मार्च १९४९ पर्यंत चाललं. म्हणून १९४३ च्या पॅटर्नला 'जरा छान दिसेल' म्हणून घेर वाढवला की तो १९४३ चा राहत नाही.

'एवढी खटपट कशाला, अस्सल जुनाच घालावा!'

कृपा करून घालू नका, निदान रेशमी तरी. १९ व्या शतकाच्या शेवटी आणि २० व्याच्या सुरुवातीला रेशीम जड आणि सळसळतं वाटावं म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवत. ते क्षार धागा आतून कुरतडतात. असं रेशीम पेटीत पडल्या पडल्या चिरतं आणि अंगावरच्या घामानं, हालचालीनं अधिकच. एका संध्याकाळच्या हौसेत शंभराहून अधिक वर्षांचा पुरावा संपतो. ब्रिटनच्या पोशाख-अभ्यासक जॅनेट अरनॉल्ड यांनी संग्रहालयांतले पोशाख इंच-इंच मोजून त्यांचे पॅटर्न चौकटीच्या कागदावर उतरवले. त्यामुळे कपड्याला धक्का न लावता तो पुन्हा शिवता येतो. जुन्या पॅटर्नलाही हाच न्याय लावावा. तो कधीच कापू नये, त्यावर पातळ कागद ठेवून गिरवावा आणि मूळ तुकडे मूळ घडीवर परत पाकिटात ठेवावेत.

मशिन चालेल का? आणि मुंढ्याचं काय करायचं?

१८५० पूर्वीचा पोशाख असेल तर दिसणाऱ्या शिलाया हातानं घालाव्यात. १८ व्या शतकातले कितीतरी झगे पुढून बटणांऐवजी टाचण्यांनीच बंद करत, तेही करून पाहावं, वाटतं तेवढं टोचत नाही. १९४० च्या दशकातल्या फ्रॉकला मशिन हवंच, फक्त चेन काखेखाली बाजूला लावा. पाठीवरची लांब चेन नंतर रुळली.

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा नमुना धावदोऱ्यानं जोडून अंगावर चढवा. तो घालून खुर्चीत बसा, वाका, हात वर करा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, काखेत घट्ट वाटेल, आणि पहिला मोह होईल तो खाली कोरून मोठा करण्याचा. तिथंच थांबा. जुन्या पॅटर्नचा मुंढा मुद्दाम लहान आणि उंच असतो. तो खाली नेला की हात उचलताना सगळी चोळीच वर ओढली जाते. फक्त काखेतल्या मायेला बारीक काप द्या आणि हात पुन्हा वर करा. बाही हाताबरोबर जाईल आणि कंबर जागची हलणार नाही.